ॲरिझोनातल्या जपलेल्या जागा: आमचा पास कुठे चालला, कुठे नाही

मोगरा_चँडलर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. दिवाळीनंतर आईबाबा आले होते आमच्याकडे, चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या बाजूलाच. बाबा मूळचे मेहकरचे, आयुष्यभर भूगोल शिकवला आणि दरवर्षी नववीच्या पोरांना एसटीने लोणारला घेऊन जायचे, त्यामुळे मी ठरवूनच टाकलेलं की ग्रँड कॅन्यन काय सगळेच दाखवतात, बाबांना आधी मीटिअर क्रेटर दाखवायचा. फ्लॅगस्टाफच्या पुढे चाळीस नंबरच्या हायवेला लागलं की सगळं सपाट, पिवळं गवत, आणि लांबून नुसता एक बुटका बांध घातल्यासारखा दिसतो. वर काठावर गेलं की एकदम समोरची जमीनच संपते. जवळजवळ सव्वा किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "लोणार याच्याहून रुंद आहे गं, पण तिथे झाडी नि पाणी आहे म्हणून त्याचा आकार असा उघडा दिसत नाही."

आता मुद्द्याचं. आमच्याकडे नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास आहे, तो दाखवला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली हा इथे चालत नाही, ही जागा खाजगी आहे. पण मी तर वाचून गेले होते की हा नॅशनल नॅचरल लँडमार्क आहे. बाबांनी लगेच विचारलं, "जाहीर केलंय सरकारने आणि मालक खाजगी, मग उद्या मालकाने तो बुजवायचा ठरवला तर?" मला काही सांगता येईना. घरी येऊन तेच डोक्यात. इथे कोणाला नीट माहीत असेल तर सांगाल का? आणि मार्चमध्ये सासूसासरे येतायत, तर ॲरिझोनातल्या अशा जपून ठेवलेल्या जागांचे तुमचे अनुभवही लिहा, जुन्या वास्तू पण चालतील, नुसते डोंगरदऱ्या नको.

कातळवेडा

वा, बाबांना नमस्कार सांगा. अगदी बरोबर बोलले ते. लोणार साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि ते बेसॉल्टमध्ये आहे, आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणूनच चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला जगभरचे लोक तिथे येतात. मीटिअर क्रेटर चुनखडक नि वाळूखडकात आहे, साधारण ५० हजार वर्षांपूर्वीचा, पडलेली उल्का लोखंड-निकेलची, साधारण ५० मीटरची धरतात.

ही जागा खाजगी का आहे त्याची गोष्ट मोठी आहे. १८९१ मध्ये गिल्बर्ट नावाचा अमेरिकेतला फार मोठा भूशास्त्रज्ञ इथे आला आणि वाफेच्या स्फोटाने झालेला खड्डा आहे असं सांगून गेला. डॅनियल बॅरिंजर हा खाणवाला, त्याला ते पटलं नाही, १९०३ मध्ये त्याने खाणीचे हक्क घेतले आणि खाली लोखंडाचा प्रचंड गोळा सापडणार म्हणून पुढची पंचवीसहून जास्त वर्षं तो भोकं पाडत बसला. १९२९ मध्ये मोल्टन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं की गोळा त्याला वाटत होता त्यापेक्षा फारच लहान आणि बहुतेक सगळा धडकेतच वाफ होऊन गेला, खाली काही उरलेलंच नाही. त्याच वर्षी बॅरिंजर वारला. पैसा सगळा गेला पण "हे उल्केनेच झालंय" हे त्याचं म्हणणं खरं होतं! ते पक्कं व्हायला १९६० साल उजाडलं, शूमेकर नावाच्या भूशास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना इथल्या खडकात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, अफाट दाब आला तरच क्वार्ट्झचं ते रूप होतं. पुढे चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या लोकांनाही शूमेकरने इथेच आणून शिकवलं. जागा आजही बॅरिंजरच्याच कुटुंबाकडे आहे. मला विचाराल तर त्या माणसाच्या हट्टामुळेच ती शाबूत राहिली.

रूट६६वाला

मी फ्लॅगस्टाफला चौदा वर्षं आहे, थोडं नियमांचं सांगतो, इथे लोकांचा फार गोंधळ होतो.

नॅशनल पार्क करायचं तर काँग्रेसने कायदा करावा लागतो. नॅशनल मॉन्युमेंट राष्ट्राध्यक्ष एका सहीने करू शकतात, १९०६ च्या अँटिक्विटीज ॲक्टखाली, पण जमीन केंद्र सरकारच्या ताब्यातली लागते. लँडमार्क हा प्रकारच वेगळा. नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क म्हणजे वास्तू किंवा घटनास्थळ, नॅशनल नॅचरल लँडमार्क म्हणजे निसर्गाचं काहीतरी अव्वल, हे दुसरं १९६२ पासून सुरू झालं. यात मालक कोणीही असू शकतो, खाजगी, चर्च, आदिवासी जमात, शहर, आणि मालकी बदलत नाही. मालकाने स्वतःच्या पैशाने काही केलं तर केंद्राचा हा शिक्का त्याला अडवत नाही, केंद्राचा पैसा किंवा परवानगी लागणार असेल तेव्हा मात्र त्या खात्यांना विचार करावा लागतो. तेव्हा मोगराताई, बाबांचा प्रश्न एकदम रास्त आहे, आणि उत्तर असं की मीटिअर क्रेटर मालकांच्या इच्छेने टिकलाय.

पण सरकारी जमीन म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही हो. आमच्या इथला सनसेट क्रेटर घ्या, साधारण हजारेक वर्षांपूर्वी फुटलेला ज्वालामुखी, काळ्या राखेचा सुळका आणि माथ्यावर तांबूस छटा, संध्याकाळ झाल्यासारखी. १९२८ मध्ये एका सिनेमा कंपनीला दरड कोसळतानाचं दृश्य हवं होतं, म्हणून त्यांनी या डोंगराच्या उतारावर सुरुंग लावायचा घाट घातला. गावातल्या लोकांनी ओरडा केला, आमच्या इथलं म्युझियम काढणारे हॅरल्ड कोल्टन त्यात पुढे होते, आणि १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी तो मॉन्युमेंट जाहीर केला. पुढे माणसांच्या पायांनीच राख घसरायला लागली, खोल घळी पडल्या, म्हणून १९७३ पासून माथ्यावर जायला बंदी. मी रोज कामाला जाताना तो डोंगर बघतो आणि दर वेळी वाटतं की थोडक्यात वाचला.

ग्रँड कॅन्यनचंही तेच. १८९३ मध्ये राखीव जंगल, १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी मॉन्युमेंट केलं, पण राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाने ब्राइट एंजल वाटेवर खाणीचे दावे ठोकून ठेवलेले आणि खाली उतरणाऱ्यांकडून डॉलर डॉलर टोल घेत होता. मॉन्युमेंट बेकायदा आहे म्हणून तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९२० मध्ये हरला. तोवर १९१९ मध्ये पार्क झालेलंच होतं. आज जो कोणी मॉन्युमेंट जाहीर करतो त्याच्या पाठीशी तो निकाल आहे.

पूर्वा_डीव्ही

रूट६६दादा, छान समजावलंत. मी पेट्रिफाईड फॉरेस्टबद्दल लिहिते कारण ते माझ्या मनाला अजून लागून आहे. तिथे २० कोटी वर्षांहून जुनी झाडं पडलेली आहेत आणि ती सगळी दगड झालीयत, लाकडाच्या जागी क्वार्ट्झ, लाल, जांभळं, पिवळं, ओंडका कापलेला दिसतो आणि आतून नुसते रंग. आत जाताना सांगतात एकही तुकडा उचलायचा नाही. आम्ही फिरून आलो, होलब्रुकला हॉटेलात उतरलो आणि मुलाच्या जॅकेटच्या खिशात अंगठ्याएवढा तुकडा निघाला, सात वर्षांचा आहे तो, त्याला ते रत्न वाटलं. रात्रभर मला झोप नाही. सकाळी उघडायच्या वेळेला परत गेलो, त्यालाच रेंजरच्या हातात द्यायला लावला. रेंजरबाई रागावल्या नाहीत, खाली बसून त्याच्याशी बोलल्या. त्यांनी सांगितलं की असे तुकडे लोक पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं, कोणी लिहितं घेतल्यापासून घरात आजारपण सुरू झालं, कोणी लिहितं वडील गेले आणि त्यांच्या कपाटात सापडला. पण परत आलेला तुकडा पुन्हा जंगलात ठेवत नाहीत, कारण नेमका कुठून उचलला ते कळत नाही आणि चुकीच्या ठिकाणी ठेवला तर अभ्यास करणाऱ्यांची दिशाभूल होते. म्हणून त्यांचा एक वेगळा ढीग केलाय. माझ्या मुलाचा तुकडाही आता त्या ढिगातच गेला असणार. तो अजून विचारतो, आई त्याला त्याची जागा परत मिळाली का गं.

(होलब्रुकच्या दुकानांत असंच लाकूड विकायला असतं, ते पार्कबाहेरच्या खाजगी जमिनीतलं, ते कायदेशीर आहे. हे त्याला समजावताना मात्र माझी फार ओढाताण झाली.)

सह्यभटक

पूर्वाताई, परत गेलात हे फार मोठं केलंत. त्या पार्कात न्यूजपेपर रॉक म्हणून कातळ आहे, ६५० च्या वर कोरलेली चित्रं, आणि तो लांबून दुर्बिणीतूनच बघायचा, जवळ जाऊच देत नाहीत. मी त्या वेळी चिडलो होतो, एवढ्या लांबून येऊन हे काय. आता पुण्यात परत आल्यावर गडांवर भिंतीभिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं बघतो आणि वाटतं की दुर्बीणच बरी. आपले बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशात गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले, गर्दी वाढणारच आहे.

अनुराधा_टूसॉन

मी थोडी वेगळी बाजू मांडू का? मॉन्टेझुमा कॅसलला १९५१ पर्यंत लोक शिड्या लावून आत जात होते. साधारण वीस खोल्या, पाच मजले, कड्याच्या कपारीत चिखल-दगडाने बांधलेलं, सिनाग्वा या जुन्या काळच्या मूळ रहिवाशांचं. (नाव चुकीचं पडलंय, मेक्सिकोच्या मॉन्टेझुमा राजाचा त्याच्याशी काही संबंध नाही.) बंद केलं ते योग्यच, भिंती झिजत होत्या. पण खालून बघून दहा मिनिटांत निघून जाणारी माणसं मी पाहिलीयत. जिथे हात लागत नाही तिथे जीव पण जडत नाही असं मला वाटतं. म्हणून मला आमचं सान झेवियर जास्त आवडतं. तोहोनो ओधाम या आदिवासी जमातीच्या जमिनीवरचं पांढरंशुभ्र चर्च, १७८३ ते १७९७ मध्ये बांधलेलं, एक मनोरा अर्धवटच राहिलाय. १९६० पासून हिस्टॉरिक लँडमार्क आहे आणि आजही दर रविवारी मास (प्रार्थना) होतो, लग्नं होतात, बाहेर फ्राय ब्रेड विकायला बसतात. पास नको नि तिकीट नको.

आणि त्याच्या डागडुजीची गोष्ट ऐका. मधल्या काळात सिमेंटचा गिलावा केला, वाटलं पक्कं होईल, तर ओल आतच कोंडली आणि विटा भुगा व्हायला लागल्या, आतली चित्रं खराब व्हायला लागली. मग सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि पुन्हा जुन्या पद्धतीने चुना, त्यात निवडुंगाचा चिकट रस घालून. आतली चित्रं स्वच्छ करायला युरोपातून तज्ज्ञ आले आणि त्यांनी गावातल्याच ओधाम मुलांना ते काम शिकवलं.

कातळवेडा

निवडुंगाचा रस!! आमच्या आजोळच्या वाड्याच्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं होतं असं आजोबा सांगायचे. आणि त्या वाड्यालाही नंतर सिमेंट फासलं, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. अनुराधाताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं, मी आमच्या मामांना पाठवतो हे.

निवांत

सगळ्यांचं वाचतोय, मनापासून आवडतंय, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. "जपलं" म्हणताना कोणापासून जपलं आणि कोणाला काढून जपलं हेही बघायला पाहिजे ना. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी आणि पठारावर हावासुपाई ही आदिवासी जमात शेकडो वर्षं राहत होती, हिवाळ्यात वर शिकारीला, उन्हाळ्यात खाली मका-घेवडा लावायला. पार्क झालं आणि त्यांच्या वरच्या जमिनी गेल्या. ब्राइट एंजल वाटेवर मधे झरा नि झाडं असलेली जागा आहे, तिथे त्यांची शेती होती, तिथूनही त्यांना हुसकावलं. १९७५ मध्ये कायदा होऊन पावणेदोन लाख एकरांच्या वर जमीन परत मिळाली, पण त्यासाठी पन्नासच्या वर वर्षं भांडावं लागलं. त्या झऱ्याच्या जागेचं नाव २०२२ मध्ये बदलून हावासुपाई गार्डन्स केलं. मी त्या वाटेने उतरलोय, आधी हे माहीत नव्हतं, नंतर कळलं तेव्हा वाटलं की तिथे पाणी पीत बसलो तेव्हा हे माहीत असायला हवं होतं.

रूट६६वाला

निवांत, शंभर टक्के पटलं. म्हणूनच मी पाहुण्यांना कॅन्यन डी शे ला नेतो. १९३१ पासून नॅशनल मॉन्युमेंट आहे पण जमीन नवाहो या आदिवासी जमातीची आहे, पार्क सर्व्हिस फक्त त्यांच्यासोबत कारभार बघते. दरीत आजही नवाहो कुटुंबांची शेतं, मेंढ्या, पीचची झाडं आहेत. खाली उतरायचं तर नवाहो वाटाड्या घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या साठीचा होता, त्याने एका कड्याकडे बोट दाखवून सांगितलं की १८६४ मध्ये किट कार्सन या अमेरिकन अधिकाऱ्याचं सैन्य आलं तेव्हा आमची माणसं त्या वर लपली होती, आणि खाली पीचच्या बागा तोडून टाकल्या. मग लोकांना शेकडो मैल न्यू मेक्सिकोपर्यंत चालवत नेलं. १८६८ मध्ये तह झाला आणि ते परत आले. तो हे सांगत असताना त्याची नात पुढे मेंढरं हाकत होती. माहितीफलक वाचून हे कळणार नाही.

एक कामाची सूचना: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही पण नवाहो नेशन करतं. आम्ही जूनमध्ये टूरला एक तास उशिरा पोचलो होतो. मार्चच्या मध्यापासूनच हा फरक सुरू होतो, तेव्हा मोगराताई लक्षात ठेवा.

पूर्वा_डीव्ही

ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमच्या, म्हणजे उत्तर काठावरच्या, लॉजबद्दल कोणी लिहिलंच नाही की.

कातळवेडा

लिहायचं होतं पण हात वळत नव्हता. ग्रँड कॅन्यन लॉज, १९२८ चं, १९३२ मध्ये जळलं, त्याच्याच दगडी पायावर १९३७ पर्यंत पुन्हा उभं केलं, हिस्टॉरिक लँडमार्क. जुलै २०२५ मध्ये वीज पडून लागलेल्या वणव्यात पुन्हा जळालं. मी २०१७ मध्ये तिथल्या सन रूममध्ये बसलो होतो, मोठमोठ्या काचा आणि काचेपलीकडे थेट दरी. बाहेरून इमारत दिसायची, दरी दिसायचीच नाही, दारातून आत आलात की पाच-सहा पायऱ्या उतरायच्या आणि ती एकदम समोर. ज्या माणसाने ते तसं योजलं त्याला कळलं होतं माणूस कशाने थबकतो ते. भिंती काही उभ्या आहेत म्हणतात.

सह्यभटक

🙏 वाईट वाटलं वाचून.

मोगरा_चँडलर

किती लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचला धागा आणि बाबांना फोनवर वाचून दाखवला. निवांतदादांचा प्रतिसाद ऐकून ते म्हणाले की मुलांना लोणारला नेताना आम्ही खड्डा दाखवायचो, दैत्यसूदनाचं देऊळ दाखवायचो, पण गावातल्या माणसांशी बोलायला कधी थांबलो नाही, पुढच्या वेळी थांबेन.

मार्चचं असं ठरवतेय: पहिल्या दिवशी घराजवळ, फिनिक्सचं सेदाव वाआकी. तिथे होहोकाम या इथल्या जुन्या काळच्या लोकांचा मोठा ओटा आणि जुने पाट आहेत, हजार वर्षांपूर्वी सॉल्ट नदीचं पाणी हाताने खणून शेतात नेलं त्यांनी, आणि आजच्या शहराचे काही कालवे त्याच मार्गाने जातात. विमानतळाच्या अगदी शेजारी आहे आणि मी इतकी वर्षं बाजूने गाडी नेतेय, कधी वळले नाही. दुसऱ्या दिवशी कासा ग्रांदे, ती चार मजली मातीची वास्तू. १८९२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती राखून ठेवली, एवढी जुनी वास्तू जपायची असं अमेरिकेत पहिल्यांदा तिथेच ठरलं म्हणतात. तिच्यावर १९३२ पासून लोखंडी खांबांचं छप्पर आहे, आणि वरच्या भिंतीतल्या एका गोल भोकातून वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मावळता सूर्य दिसतो. सासऱ्यांना पंचांगाची आवड आहे, त्यांना हे फार आवडेल. मग टूसॉन. अनुराधाताई, सान झेवियर नक्की. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर सवारो पार्कात नि कार्चनर गुहेत त्यांना झेपेल का?

अनुराधा_टूसॉन

झेपेल की. सवारोत गाडीतून फिरायचा रस्ता आहे, मधे मधे थांबायचं. त्यांना सांगा की सवारो म्हणजे तो उंच निवडुंग, पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं घेतो, म्हणजे दोन हातवाला दिसला तर तो बहुतेक त्यांच्याहून मोठा. बागेत लावायला लोक चोरून उपटून नेतात म्हणून पार्कने काहींच्या आत चिप बसवल्यात.

कार्चनरला वाट सिमेंटची आहे, व्हीलचेअरही जाते, फक्त आधी फोन करून सांगा, आणि बुकिंग बरंच आधी करा. हा स्टेट पार्क आहे, तुमचा पास इथेही चालणार नाही. ही गुहा १९७४ मध्ये टेनेन आणि टफ्ट्स या दोन तरुणांना सापडली, एका भोकातून दमट गरम हवा आणि वटवाघळांचा वास आला म्हणून ते आत सरपटत गेले. बाहेर कळलं तर लोक आत शिरून सगळं मोडतील म्हणून त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, जमिनीचे मालक कार्चनर कुटुंब, त्यांनासुद्धा १९७८ मध्ये सांगितलं, आणि मग त्या सगळ्यांनी मिळून १९८८ पर्यंत, राज्याने विकत घेईपर्यंत, तोंड उघडलं नाही. चौदा वर्षं! लोकांना उघडायला १९९९ साल आलं, कारण आधी दारं बसवली, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, बाहेरची कोरडी हवा आत गेली तर चुन्याचे झुंबर वाढायचे थांबतील म्हणून. आत एक नळी लोंबतेय, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि सहा मीटरहून लांब. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा श्वास घ्यायला भीती वाटली.

आणि मार्चमध्येच या, बिग रूमची, म्हणजे गुहेतल्या मोठ्या दालनाची, टूर घ्या. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती बंद असते, त्या दिवसांत हजारभर वटवाघळी तिथे बाळंतपणाला येतात.